एन्टेबी ते झाई: विमानाचे सहा तास, डासाचे चारशे मीटर

जुलै महिन्यात झाईच्या होड्या पाण्यात नसतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वाळूवर ओढलेल्या, त्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या, कडेला दोरीने टांगलेले जुने टायर, आणि ताडपत्रीच्या प्रत्येक खोलगट भागात पावसाचे पाणी. २०२२ च्या जुलैत अशाच एका ओल्या सकाळी माझ्या बाह्यरुग्ण विभागात झाईचे एक वयस्कर तांडेल रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आले. त्या आठवड्यात तलासरी तालुक्यातल्या या शेवटच्या गावाचे नाव एकदम राज्यभर झाले होते. झाईच्या आश्रमशाळेतल्या एका लहान मुलीला झिका विषाणूचा संसर्ग झाल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नक्की केले होते. आदल्या वर्षी पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण सापडला होता, हा दुसरा.

गोळ्यांचे पाकीट खिशात ठेवता ठेवता तांडेलांनी विचारले, "डॉक्टर, तो आजार आफ्रिकेतला म्हणतात. तिथून इथे यायला किती तास लागतात?"

त्यांनी किलोमीटर विचारले नाहीत. समुद्रावर जाणारा माणूस अंतर तासांत मोजतो. मी घाईत होतो, रांग मोठी होती, म्हणून म्हणालो, "फार लांब आहे काका. काळजी नको." उत्तर चुकीचे होते, आणि दुसऱ्या वर्षी ते अधिकच चुकीचे ठरले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी युगांडाच्या सरकारी विमान कंपनीने एन्टेबी ते मुंबई थेट सेवा सुरू केली. झिका विषाणू ज्या जंगलात पहिल्यांदा सापडला आणि ज्याच्या नावावरून त्याचे नाव पडले, ते झिका जंगल एन्टेबी विमानतळापासून थोड्याच अंतरावर, कंपालाला जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. एन्टेबी ते मुंबई सरळ हवाई अंतर सुमारे ४,९०० किलोमीटर. विमानाला साडेपाच ते सहा तास लागतात. तांडेलांची बोट मासळीच्या पट्ट्यात पोचायला कधी कधी याहून जास्त वेळ घेते.

हा लेख म्हणजे त्यांच्या प्रश्नाचे मी उशिरा देत असलेले उत्तर आहे. एकच गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. झाईचा झिका विमानातून आला असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. आश्रमशाळेतल्या मुलीचा विमानतळाशी काय संबंध, असे गावकरी तेव्हा म्हणत होते. त्यांचे म्हणणे रास्त होते. पण मग विमानतळ लांब आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र रास्त नव्हता.

झिकाची जन्मकथा थोडी सांगायला हवी. एन्टेबीला तेव्हा पीतज्वरावर, म्हणजे यलो फीव्हरवर, संशोधन करणारी संस्था होती आणि तिला अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनचा पैसा होता. पीतज्वराचा विषाणू पकडण्यासाठी झाडांच्या शेंड्यांवर पिंजऱ्यात माकडे ठेवली जात. एप्रिल १९४७ मध्ये अशाच एका माकडाला ताप आला आणि त्याच्या रक्तात एक नवाच विषाणू सापडला. पुण्यातली आपली विषाणू संस्थाही १९५२ मध्ये याच रॉकफेलर फाउंडेशनच्या आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या भागीदारीतून उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे भारतातल्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांच्या रक्तात कोणकोणत्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे आहेत हे पाहणे. १९५४ मध्ये ते निष्कर्ष छापले गेले. १९६ नमुन्यांपैकी ३३ नमुन्यांत झिकाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे होती. डेंग्यूची प्रतिपिंडे झिकाच्या चाचणीतही घोटाळा करतात, त्यामुळे या आकड्यावर फार भार टाकता येत नाही. तरीही शक्यता उरतेच की हा पाहुणा आपल्याकडे केव्हाचा राहत आहे आणि आपण त्याला नावाने ओळखत नव्हतो एवढेच.

म्हणजे विषाणू कुठून आला हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. तो किती वेळात आला, आणि आपल्याला किती वेळाने कळले, हे प्रश्न जास्त कामाचे.

पूर्वी समुद्र आपला पहारेकरी होता. आमच्या किनाऱ्याचा आणि पूर्व आफ्रिकेचा संबंध जुना. कच्छ-काठियावाडची गलबते मोसमी वाऱ्यावर मोंबासा-झांझिबारला जात. पुढे वाफेची जहाजे आली. 'कंपाला' आणि 'करांजा' ही जहाजे मुंबई आणि पूर्व आफ्रिकेदरम्यान १९७० च्या दशकापर्यंत चालत होती आणि आमच्या शेजारच्या दक्षिण गुजरातेतल्या कित्येक घरांतले आजोबा त्यांतूनच गेले. त्या प्रवासाला आठवड्याहून जास्त लागायचा. आता पीतज्वराचे गणित पाहा. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत तीन ते सहा दिवस. म्हणजे मोंबासाला बाधा झालेला माणूस जहाजावरच आजारी पडणार आणि मुंबईच्या गोदीत उतरण्याआधीच डॉक्टरला दिसणार. जहाज हेच क्वारंटाइन होते, कोणी मुद्दाम न केलेले.

तो पहारा नेहमी पुरला असेही नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. तो हाँगकाँगहून जहाजाने आला असे मानले जाते. उंदरांना आणि पिसवांना प्रवासाचे दिवस मोजावे लागत नव्हते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवरच्या पोलीस शिपायांना इन्फ्लुएन्झा झाला आणि पुढे रेल्वेने तो देशभर नेला. पण डासाच्या आणि माणसाच्या रक्ताच्या साखळीवर जगणाऱ्या आजारांना मोठा समुद्र अवघड जात होता, हे खरे.

विमानाने हे गणित उलटे केले, आणि आरोग्य खात्यातल्या माणसांना ते लगेच कळलेही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल घेऊन उतरले. त्यानंतर सहाच महिन्यांनी, एप्रिल १९३३ मध्ये, हेग येथे हवाई वाहतुकीसाठीचा पहिला आंतरराष्ट्रीय आरोग्य करार झाला, आणि त्यामागची सर्वांत मोठी भीती होती ती पीतज्वराची. हिंदुस्थानात तो आजार कधीच नव्हता, पण त्याला वाहून नेणारा एडिस डास घरोघर होता. एक आजारी प्रवासी किंवा विमानात अडकलेला एक डास पुरे, अशी ती धास्ती. तिचे अवशेष आजही आपण पाहतो. युगांडासारख्या देशातून येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र हवे, लस घेऊन दहा दिवस झालेले हवेत, आणि प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. हे सहा दिवस कुठून आले ते आता वाचकाच्या ध्यानात आले असेल. जहाजाने जे दिवस फुकट दिले होते, ते विमानतळावर कायद्याने वसूल केले जातात. प्रवाशांना हा छळ वाटतो. मला विचाराल तर आपल्या सार्वजनिक आरोग्यातल्या मोजक्या शहाण्या नियमांपैकी हा एक आहे. आशिया खंडात पीतज्वर आजवर रुजलेला नाही. त्याची सगळी कारणे शास्त्राला उलगडलेली नाहीत, म्हणून दार उघडे ठेवून पाहण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

पण हीच युक्ती झिकाला लागू पडत नाही. झिकावर लस नाही. चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तीन ते चौदा दिवस जातात. आणि मुख्य म्हणजे पाचपैकी चार जणांना लक्षणेच येत नाहीत. उरलेल्या एकालाही बहुधा किरकोळ ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, सांधेदुखी; तीन-चार दिवसांत बरा. अशा प्रवाशाच्या कपाळासमोर ताप मोजण्याचे यंत्र धरले तर ते काय दाखवणार?

हे आपण कोविडमध्ये अनुभवले आहे, फक्त विसरलो आहोत. राज्यातले पहिले कोविड रुग्ण हे पुण्याचे एक दाम्पत्य. ते १ मार्च २०२० रोजी दुबईहून मुंबईला उतरले, टॅक्सीने पुण्याला गेले, आणि निदान झाले ९ मार्चला. दुबई-मुंबई अंतर सुमारे १,९०० किलोमीटर, विमानाचे तीन तास. त्या तीन तासांच्या पाठोपाठ आलेले आठ दिवस आजाराचे होते. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी, टॅक्सीचालक आणि एक सहप्रवासी बाधित निघाले. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी विमानाचे नाव होते. मी मात्र त्या टॅक्सीचा विचार करत होतो, कारण आमच्या भागापर्यंत जे येते ते टॅक्सीने, लोकलने, नाही तर वापीच्या कंपनीच्या बसने येते.

इथे एक सुंदर संशोधन सांगण्याचा मोह आवरत नाही. डिर्क ब्रॉकमन आणि डिर्क हेल्बिंग या दोन शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यांनी विचारले, साथ एका शहरातून दुसऱ्या शहरात कधी पोचणार हे नकाशावरच्या अंतरावरून सांगता येते का? २००३ ची सार्स आणि २००९ ची स्वाइन फ्लूची साथ तपासली, तर किलोमीटर आणि साथ पोचण्याचा दिवस यांचा मेळ काही बसेना. मग त्यांनी अंतर मोजण्याची पद्धतच बदलली. एखाद्या ठिकाणाहून निघणाऱ्या एकूण प्रवाशांपैकी जितका मोठा वाटा दुसऱ्या ठिकाणी जातो, तितकी ती दोन ठिकाणे एकमेकांच्या जवळ. वाटा लहान, तर ती लांब. याला ते परिणामकारक अंतर म्हणतात. या नव्या नकाशावर साथीचा प्रवास तळ्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारखा नीट दिसू लागला.

हा नकाशा मी मनातल्या मनात झाईवर ठेवून पाहतो. जव्हार आमच्याच जिल्ह्यात. पण झाईचा माणूस जव्हारला वर्षातून किती वेळा जातो? उंबरगावला मात्र दररोज. गुजरातची हद्द ओलांडली की उंबरगाव, सरीगाम, वापी. तिथल्या कारखान्यांत तलासरी-डहाणूचे तरुण पाळीने जातात आणि त्यांच्या शेजारच्या यंत्रावर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे तरुण उभे असतात. खलाशी म्हणून पोरे वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर जातात आणि आठ-आठ महिन्यांनी परततात. विषाणूच्या हिशेबाने झाई हे जव्हारपेक्षा सुरत, कानपूर, पोरबंदर यांच्या जास्त जवळचे गाव आहे. २०१८ मध्ये जयपूरला झिकाची साथ आली, राजस्थानात दीडशेहून अधिक रुग्ण सापडले. २०२१ मध्ये केरळात आणि नंतर कानपुरात. २०२४ मध्ये पुणे शहरात शंभरावर. या यादीत झाईला कोणता विमानतळ सर्वांत जवळ होता, हे विचारणे व्यर्थ आहे. झाईला सगळेच जवळ होते.

आता तासांचा हिशेब नीट मांडू या, कारण माझ्या मते सगळा मुद्दा त्यात आहे. समजा एन्टेबीहून नव्हे, जयपूरहूनच एक बाधित माणूस निघाला. विमानात त्याचे दोन तास गेले, रेल्वेत एक दिवस. काही फरक पडत नाही. त्याच्या रक्तात विषाणू साधारण आठवडाभर असतो. त्या आठवड्यात झाईतला एक एडिस डास त्याला चावला. विषाणू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला आठ ते बारा दिवस लागतात. मग तो डास शेजारच्या घरातल्या कुणाला चावला. त्या व्यक्तीला ताप यायला आणखी तीन ते चौदा दिवस, तेही पाचात एकाला. ताप आलेल्या माणसाने दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून गोळी आणली, चौथ्या-पाचव्या दिवशी दवाखान्यात आला. डॉक्टरला डेंग्यू वाटला. पावसाळ्यात मलाही तेच वाटते. डेंग्यूची चाचणी नकारार्थी आली, तेव्हा कुठे कोणी म्हणाले, नमुना पुण्याला पाठवू या.

इथवर महिना गेला. त्यातले विमानाचे तास किती? दोन नाही तर सहा. एन्टेबी किती लांब आहे या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही, कारण या साखळीतला सर्वांत छोटा तुकडा विमानाचाच आहे.

ब्राझीलचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. मे २०१५ मध्ये तिथे झिकाची खात्री पटली. पुढे विषाणूच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि तो २०१३ च्या मे ते डिसेंबर या काळात केव्हा तरी तिथे शिरला असावा असा अंदाज निघाला. म्हणजे कुणा एका प्रवाशाच्या काही तासांच्या प्रवासानंतर दीड-दोन वर्षे तो देशभर फिरत होता आणि डॉक्टर त्याला डेंग्यू किंवा साधा ताप म्हणत होते. लहान डोक्याची बाळे जन्माला येऊ लागली तेव्हा जग जागे झाले, आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली.

झिकातले खरे संकट ते हेच. तापाने कुणी सहसा दगावत नाही. पण गरोदर बाईला संसर्ग झाला, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. हा विषाणू शरीरसंबंधातूनही पसरतो. म्हणून बाधित भागातून आलेल्या पुरुषाने तीन महिने आणि स्त्रीने दोन महिने निरोधचा वापर करावा, असे सांगितले जाते. सात-आठ महिन्यांनी बोटीवरून घरी परतलेल्या खलाशाला हे कोण सांगणार, आणि तो ऐकणार कसा, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनंतरही नीट ठाऊक नाही. आशाताईंना ते सांगायला लावणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे. पण सांगायला दुसरे कुणी नाही.

नमुन्याच्या प्रवासाविषयी एक अनुभव लिहितो. एका पावसाळ्यात आमच्याकडे अंगावर पुरळ आलेली, चार महिन्यांची गरोदर बाई आली. डेंग्यू-मलेरिया दोन्ही नाहीत. झिकाच्या शंकेने रक्त आणि लघवीचे नमुने घेतले. रक्तात विषाणूचे अंश पहिल्या आठवडाभरातच सापडतात, लघवीत जरा जास्त दिवस, साधारण दोन आठवड्यांपर्यंत. म्हणजे घाई होती. नमुने बर्फात घालून पाठवले. मध्ये शनिवार-रविवार आला. सोमवारी जिथे ते पोचले तिथून फोन आला की अर्जावर एक सही राहिली आहे. सही गेली. अहवाल आला तो अकराव्या दिवशी. सुदैवाने नकारार्थी. तोवर ती बाई माहेरी गेली होती, हद्दीपलीकडे, आणि तिला तो निरोप द्यायला आमच्या आरोग्य सेविकेला तीन फोन नंबर फिरवावे लागले. झाईहून पुणे तीनशे किलोमीटरच्या आसपास. नमुन्याला जे अकरा दिवस लागले, त्यात प्रवासाचे तास सात-आठच होते. बाकी सगळा वेळ अंतराशी संबंध नसलेल्या गोष्टींत गेला.

हद्दीचा विषय निघालाच आहे. झाईच्या माणसाला रात्री ताप चढला तर तो डहाणूला येईलच असे नाही. उंबरगाव जवळ आहे, वापी सोयीचे आहे, आणि मोठा आजार असेल तर वलसाड किंवा सिल्व्हासा. त्यात चूक काही नाही. जवळचा दवाखाना तोच शहाण्या माणसाचा दवाखाना. पण तिथे त्याच्या तापाची नोंद झाली तर ती आमच्या टेबलावर केव्हा येते? पोर्टल आहे, संगणकावर नोंद होते, हे सगळे आहे. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांची एकमेकांशी ओळख असेल तर त्याच दिवशी फोन येतो, नसेल तर येत नाही. दोन राज्यांच्या सीमेवरच्या तालुक्यांनी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तापाच्या रुग्णांची यादी एकमेकांना वाचून दाखवावी, एवढी साधी गोष्ट मला विमानतळावरच्या दहा थर्मल कॅमेऱ्यांपेक्षा मोलाची वाटते.

आणि विमानतळ तर जवळच येत चालले आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि त्याच परिसरात आणखी एक विमानतळ उभारण्याची घोषणा राज्य सरकारने केली आहे. वाढवण झाईपासून पंचवीस-तीस किलोमीटर. बंदराविषयी मच्छीमारांचा जो विरोध आहे, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. या सदरात तो मावणार नाही. मी फक्त आरोग्याचा एक नियम दाखवतो. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत असे म्हटले आहे की बंदर आणि विमानतळ यांच्या इमारतींपासून किमान ४०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात रोग पसरवणाऱ्या कीटकांचे नियंत्रण केले पाहिजे.

चारशे मीटरच का? कारण एडिस डास साधारण तेवढेच उडतो. ज्या भांड्यात जन्मला, त्याच्या आसपासच्या घरांत त्याचे सगळे आयुष्य जाते. चार हजार नऊशे किलोमीटरवरच्या विमानतळाची चिंता करणाऱ्या आपल्याला या प्राण्याचे हे घरकोंबडेपण लक्षातच येत नाही. विषाणू खंड ओलांडतो तो माणसाच्या अंगातून. गावात तो फिरतो तो अशा डासाच्या, जो आपली गल्ली सोडत नाही. म्हणून एखाद्या गावात झिकाचा रुग्ण सापडला की आरोग्य कर्मचारी त्याच्या घराभोवतीची घरे पिंजून काढतात. कुणाला ताप आहे, घरात गरोदर कोण आहे, कोणत्या पिंपात अळ्या आहेत. अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला, भांडी रिकामी करून घासून वाळवली, तर साखळी तुटते. घासायची एवढ्यासाठी की एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात.

नव्या बंदराच्या आणि विमानतळाच्या कुंपणाबाहेर हा चारशे मीटरचा पट्टा कागदावर नक्की असेल, त्यासाठी कंत्राटही निघेल. झाईच्या जेट्टीला असा पट्टा नाही, कारण ते आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वार नाही. कागदावर नाही एवढेच. पोरबंदरहून परतलेला खलाशी याच जेट्टीवर उतरतो.

गेल्या पावसाळ्यात तांडेल पुन्हा आले. रक्तदाब आता आटोक्यात आहे, मीठ कमी केले आहे असे ते म्हणतात; सुक्या मासळीचे काय, हे मी विचारत नाही. मी त्यांना त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, काका, सहा तास. ते हसले. "म्हणजे आमच्यापेक्षा लवकर पोचतात." मग मी त्यांना होडीच्या टायरांविषयी विचारले. त्यांनी सांगितले की त्यांच्या होडीच्या सगळ्या टायरांना त्यांच्या नातवाने खालून ड्रिलने भोके पाडली आहेत, पाणी राहत नाही. शेजारच्या तीन होड्यांनीही तसेच केले आहे. बाकीच्यांनी नाही.

"आणि घरातली पिंपे?"

"पिंपांचं काय करू डॉक्टर? पाणी एक दिवसाआड येतं. कोरडा दिवस पाळायचा म्हणजे भरलेलं पिंप ओतायचं. बायको ओतू देईल?"

मी त्यांना घट्ट झाकणाविषयी सांगितले, पिंपाच्या तोंडावर बांधायच्या कापडाविषयी सांगितले, गप्पी माशांविषयी सांगितले. मासे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला येताना बरणी घेऊन येतो म्हणाले.